जमिनीखालची बोटं

बाजारातल्या बोअरवेलपाशी हातातलं यंत्र किंचाळायला लागलं, तेव्हा हेमांगीला आधी वाटलं की यंत्रच बिघडलंय.

गुरुवारचा बाजार ऐन भरात होता. चंद्रपूरकडचं एप्रिलचं ऊन डोक्यावर आलं होतं. सोनबर्डीच्या चौकात मिरच्यांचे ढीग, काकड्यांची पोती, प्लास्टिकच्या बादल्या, भज्यांची गाडी, झाडूवाल्या बाईचं दुकान हे सगळं एकमेकांना चिकटून मांडलेलं होतं. हेमांगी सकाळीच प्रकल्पावरून निघाली होती. रात्रीतून साठ्याचा दाब उतरला होता आणि तो का उतरला हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून ती गावोगावच्या बोअरवेल तपासत फिरत होती. इथं काही सापडेल अशी तिला मुळीच अपेक्षा नव्हती. हायड्रोजनचा साठा सोनबर्डीपासून चांगला सहा किलोमीटर लांब होता.

तिनं वायू मोजायचं ते यंत्र पाइपाच्या तोंडाशी नेलं. आकडा वर गेला तो थांबेचना.

"शेगडी बंद करा!" ती भजीवाल्याकडे बघून ओरडली. "भाऊ, शेगडी! आधी बंद करा!"

बाजारात सगळेच ओरडत असतात. भजीवाल्यानं कानाला हात लावला, हसला, आणि झारा पुन्हा कढईत बुडवला.

जाड ताडपत्री एका झटक्यात फाडावी तसा आवाज झाला. हेमांगी पाठीवर पडली. कानात नुसती शिटी वाजत होती. माणसं उठून बसली, कपडे झटकू लागली, पोरांना हाका मारू लागली. कुठंच जाळ दिसत नव्हता, धूर नव्हता. झालं ते झालं, संपलं, असंच सगळ्यांना वाटलं.

काकडीवाला म्हातारा उठला आणि घरंगळलेल्या काकड्या गोळा करायला बोअरवेलकडे दोन पावलं गेला. त्याचा सदरा पेटलेला कुणी पाहिला नाही. सदरा होता आणि मग नव्हता. मग म्हातारा ओरडायला लागला.

लाकूड, कोळसा, रॉकेल जळतं तेव्हा ज्वाला पिवळी दिसते ती तिच्यातल्या काजळीमुळे. हायड्रोजनमध्ये काजळी नसते. तो जळतो आणि त्याची निव्वळ पाण्याची वाफ होते. भर उन्हात त्याची ज्वाला डोळ्यांना दिसत नाही. बोअरवेलच्या पाइपातून माणसाच्या दुप्पट उंचीचा जाळ उसळत होता आणि त्याच्या भोवती उभी असलेली शे-दीडशे माणसं त्याच्या आरपार पलीकडचं किराणा दुकान बघत होती.

"कोनी पुढं जाऊ नका!" हेमांगी उठत ओरडली. "आग हाय तिथं! दिसत नाही, पन आग हाय!"

अंगणवाडीच्या दारातून मंजूषा धावत आली. हेमांगीची वहिनी. तिच्या हातात पोरांना झोपवायची गोधडी होती, पाण्यात बुचकळून काढलेली. जळणारा म्हातारा एवढंच तिला दिसत होतं.

"वहिनी, थांब! वहिनी!"

मंजूषानं वळून पाहिलं. नणंद का ओरडतेय ते तिला कळलं नसावं. म्हाताऱ्याला सोडून कसं थांबायचं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं. ती पुढं गेली. ओल्या गोधडीतून भस्सकन वाफ आली, केस नाहीसे झाले, आणि ती म्हाताऱ्याच्या अंगावर आडवी पडली.

हेमांगीनं झाडूवालीच्या दुकानातून शिंदीचा एक लांब झाडू उचलला. तो समोर धरून ती पुढं सरकत गेली, आंधळ्यानं काठी चाचपत जावं तशी. एका जागी झाडूचं टोक आपोआप पेटलं. तिनं तिथं पायानं मातीत रेघ ओढली, बाजूला सरकली, पुन्हा झाडू पुढं केला. रेघेच्या अलीकडून तिनं आणि दोन पोरांनी बांबूच्या आकड्यानं वहिनीला ओढून घेतलं. तोवर ती गेली होती, म्हाताराही गेला होता. वाचवायला धावलेले आणखी सातजण त्या न दिसणाऱ्या जाळात सापडले होते.

चौकाच्या टोकाला ट्रॅक्टर येऊन थांबला. धनराज, हेमांगीचा मोठा भाऊ, खाली उतरला. गर्दीनं त्याला वाट करून दिली. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग बहिणीच्या हातातल्या जळक्या झाडूकडे.

*

आईबाप गेल्यावर धनराजनं दहावीतूनच शाळा सोडून ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं आणि बहिणीला शिकवलं होतं. हेमांगी मुंबईला इंजिनिअर झाली, मग खडकांतून द्रव कसे वाहतात यावर डॉक्टरेट करून आली. तोवर विदर्भात सौर वीज इतकी झाली होती की दुपारच्या वेळी ती घ्यायला कुणी नसे. त्या विजेनं पाणी फोडून हायड्रोजन करायचा, तो जमिनीखाली साठवायचा आणि रात्री काढून जाळायचा, असा प्रकल्प आला. जागा हेमांगीच्या गावाकडचीच निघाली. कोळशाच्या थरांच्या खूप खाली पाण्यानं भरलेला वालुकाश्म होता. ओल्या स्पंजासारखा, फक्त दगडाचा. त्यातलं पाणी ढकलून तिथं हायड्रोजन भरायचा होता.

ग्रामसभेत लोकांनी धनराजला विचारलं. तो तेव्हा सरपंच होता. त्यानं बहिणीला उभं केलं.

तिनं दोन काचा आणल्या होत्या, मध्ये कागदाएवढी फट ठेवून जोडलेल्या. फटीत काकवी भरलेली होती. काचा उभ्या धरून तिनं वरून अगदी हळूहळू हवा सोडली. काकवी खाली सरकत गेली आणि हवा-काकवीमधली रेघ शेवटपर्यंत ताटासारखी सपाट राहिली.

"असंच होईल खाली," ती म्हणाली. "हलकं वर राहील, जड खाली जाईल. हळू भरलं तर रेघ मोडत नाही."

ते खरंच होतं. पण जोरात भरलं तर काय होतं, ते तिनं त्या दिवशी दाखवलं नाही, कारण जोरात भरायचं नाही असंच ठरलेलं होतं. पातळ द्रव जाड द्रवाला रेटतो तेव्हा मधली रेघ मुळातच नाजूक असते. ती कुठं केसभर पुढं गेली की तिथं वाट सोपी होते. वाट सोपी झाली की आणखी पातळ द्रव तिथंच घुसतो आणि ती जागा आणखी पुढं धावते. बघता बघता रेघेला बोटं फुटतात, बोटांना फाटे फुटतात. बाकीचं सगळं पाणी जागच्या जागी राहतं आणि एखादं बोट भलतीकडेच निघून जातं. एका मर्यादेच्या आत वेग ठेवला तर गुरुत्वाकर्षण ही बोटं दाबून टाकतं. मर्यादा ओलांडली की ते हतबल होतं.

दुसऱ्या वर्षी विजेची मागणी वाढली. प्रकल्पाचे संचालक खासनीस यांनी वेग तिप्पट करायचं ठरवलं. हेमांगी भांडली, राजीनामा लिहिला, तो त्यांनी फाडला आणि तोडगा काढला: वायूच्या पुढं साबणासारखा फेस सोडायचा. फेसानं वायू जाड होतो आणि बोटं फुटत नाहीत. प्रयोगशाळेत ते झकास चाललं. हेमांगीनं मान डोलावली. खडकात मात्र कोळशाची बारीक भुकटी होती आणि तेलकट भुकटीनं फेस फुटतो हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

फेस मेला आणि बोट सुटलं. दोन निरीक्षण विहिरींच्या मधून निघून ते सहा किलोमीटर धावलं आणि सोनबर्डीखाली कोळसा शोधायला कधीकाळी घातलेल्या एका जुन्या भोकाला जाऊन भिडलं. ते भोक धड बुजवलेलं नव्हतं. हायड्रोजन त्यातून वर चढला आणि गावाखालच्या बंद पडलेल्या कोळसा खाणीत भरत राहिला. खाणीच्या एका बोगद्यातून बाजारातली बोअरवेल गेली होती.

*

"पंप उलटे फिरवा," हेमांगीनं नियंत्रण कक्षात येताच सांगितलं. तिच्या भुवया जळाल्या होत्या, हातांना फोड आले होते. "सगळ्या विहिरींतून वायू बाहेर ओढा. आत्ता."

खासनीस खुर्चीत बसून होते. "बंद करून पुरणार नाही का? ओढताना पुन्हा बोटं फुटली तर?"

"ओढताना नाही फुटत. ओढताना पाणी वायूला रेटतं, जाड पातळाला रेटतं. रेघ आपोआप सरळ होते. पाणी परत येईल आणि त्या बोटाची मान कापेल. खाणीत जाणारा वायू थांबेल."

तसंच झालं. तासाभरात भोकाजवळचा दाब बसला. कुणीतरी टाळी वाजवली आणि स्वतःच ओशाळून गप्प झाला.

हेमांगीनं टाळी ऐकलीही नाही. ती दुसऱ्या पडद्याकडे बघत होती. गावाच्या मधोमध, शाळेमागच्या उंचवट्यावर, खाणीत हवा खेळवायला खोदलेला उभा कूप होता. बाजारातून निघतानाच तिनं त्यात मोजणीचं यंत्र सोडायला लावलं होतं. खाणीत शंभरात चौऱ्याऐंशी भाग हायड्रोजन होता.

"एवढा?" खासनीस पांढरे पडले.

"एवढा आहे म्हणूनच गाव शिल्लक आहे. जळायला हवा लागते, सर. हायड्रोजन पंचाहत्तरच्या वर असला की हवा कमी पडते, आत स्फोट होऊच शकत नाही. आता खालून येणं थांबलंय आणि शेतातल्या भेगांतून हवा आत शिरतेय."

पडद्यावरचा आकडा त्र्याऐंशी झाला.

"पंचाहत्तरच्या खाली आलं की बाजारातली ज्वाला पाइपातून खाली उतरेल. अख्ख्या गावाखाली खाण आहे. साडेचार हजार माणसं आहेत वर."

"गाव रिकामं करू."

"नाल्यावर एक पूल आहे, सर. त्यावर आत्ता ॲम्बुलन्स आणि बघे अडकलेत. आणि लोक प्रेतं सोडून निघणार नाहीत."

"मग?"

"आपल्या टँकरमधला नायट्रोजन. पोलादी नळी कुपाच्या तळापर्यंत सोडायची आणि तळातून भरायचा. तो हायड्रोजनपेक्षा जड आहे, जाडही आहे. सरळ रेषेत वर रेटत नेईल सगळं. वर येईल ते कुपाच्या तोंडाशी पेटवून द्यायचं."

"गावात पेटवायचं?" खासनीस उभे राहिले. "आज? लोक जिवंत ठेवतील तुम्हाला?"

"न पेटवता सोडलं तर घराघरांत शिरेल. तोंडाशी जळलं तर तिथंच जळेल. गॅसच्या शेगडीसारखं."

 खासनीसांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, जिल्हाधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटून येतो म्हणाले, आणि गेले. ते त्या दिवशी परत आले नाहीत.

*

टँकर शाळेमागे पोचला तेव्हा हेमांगीच्या मनगटावरच्या, कुपातल्या यंत्राशी जोडलेल्या यंत्रावर आकडा एकोणऐंशी होता. नळी उतरवून होईतो गर्दी जमली. टँकरवर वायूचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं.

"अजून गॅस भरून राहिले!" कुणीतरी ओरडलं. "लोकं मेले थे कमी पडले काय यायले?"

पहिला दगड टँकरच्या काचेवर बसला. ड्रायव्हर वासेकर खाली उतरून हात जोडून सांगायला गेला की हा वायू जळत नाही. त्याचं ऐकायच्या आधीच लोकांनी त्याला खाली पाडलं. लाथा, काठ्या, एकानं सायकलची चेन काढली. सोबतच्या दोन पोलिसांनी काठ्या चालवल्या तशी गर्दी मागे हटली, पण त्यातला एक पोलीस कपाळ फुटून खाली बसला आणि दुसरा त्याला ओढत शाळेत घेऊन गेला. हेमांगीनं तेवढ्यात पान्यानं नायट्रोजनचा व्हॉल्व्ह उघडला. नळी फुसफुसत थरथरू लागली.

आता फक्त पेटवायचं राहिलं होतं. त्यासाठी तिच्याकडे इशाऱ्याचं पिस्तूल होतं, जळता गोळा लांबवर फेकणारं.

ती वळली तर कुपाच्या तोंडावर धनराज उभा होता.

कुपावर सिमेंटचं जुनं झाकण होतं, मध्ये लोखंडी जाळी. त्या जाळीवर तो पाय रोवून उभा होता. हातात सब्बल, जाड लोखंडी पहार. भोकाच्या भीतीनं गर्दी लांब थांबली होती. जवळ जायची हिंमत फक्त त्याची झाली होती.

"दादा, हट तिथून."

"पेटव," तो म्हणाला. "माह्यासकट पेटव."

"आतमंदी हवा शिरून राहिली, दादा. पंचाहत्तरच्या खाली गेलं का सारं गाव उडते. आता पेटवलं तर फक्त तोंडावर जळते. पाह्य, हा आकडा पाह्य."

"थो आकडा मले दाखवू नको!" त्याचा आवाज फाटला. "तू काचा दाखवल्या, मी पाह्यलं. तू बोल्ली, मी गावाले सांगतलं. माह्या तोंडाकडं पाहून लोकायनं अंगठे मारले. मंजूचं तोंड पाह्यलं तू? मले तर तोंडच नाही दिसलं तिचं."

"पाह्यलं, दादा. मीच ओढलं तिले."

"मंग आता एक करा. बंद करा. सारं बंद करा, भोक बुजवा, अन् चालले जा. कायले अजून पेटवता? किती माणसं पाहिजे तुमाले?"

तिच्या मनगटावरचं यंत्र टिकटिकत होतं. सत्त्याहत्तर. नायट्रोजन तळातून चढत होता, पण अख्खी खाण भरायला त्याला वेळ लागणार होता. तोवर वरच्या बोगद्यांत हवा पुढं निघाली होती. जाळीतून दादाच्या पायांवरून थंड, बिनवासाचा वारा वर येत होता. त्याच्या धोतराचा सोगा हलत होता. तो हायड्रोजनच्या झोतात उभा होता आणि त्याला ते माहीत नव्हतं.

ती जवळ गेली. "दादा, तुह्या पाया पडते—"

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती गुडघ्यावर आली. तो पुन्हा ओरडला, काय ते तिला कळलं नाही. मनगटावर शहात्तर दिसलं.

हेमांगीच्या हातात व्हॉल्व्हचा पाना होता. हातभर लांब, लोखंडी. ती उठली आणि तिनं तो भावाच्या डोक्यात घातला.

नारळ आपटावा तसा आवाज झाला. धनराजच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं नवल होतं. सब्बल त्याच्या हातातून सुटून जाळीवर पडली. लोखंडावर लोखंड. ठिणगी पडली नाही. धनराज कलंडला. तिनं त्याच्या काखेत हात घातले आणि मुरमावरून ओढत न्यायला सुरुवात केली. तो दुप्पट वजनाचा होता. त्याच्या कानातून रक्त येत होतं आणि तिच्या हातांवर, फुटलेल्या फोडांवर सांडत होतं. मागून गर्दीचा एकच आवाज उठला. "मारलं! धनराजभाऊले मारलं!" दगड यायला लागले. एक तिच्या खांद्यावर बसला आणि आत काहीतरी कटकन मोडलं. ती ओढत राहिली. शाळेच्या भिंतीआड पोचली, वळली, चांगल्या हातानं पिस्तूल उचललं आणि चाप ओढला.

लाल गोळा कमान करून कुपाच्या तोंडावर पडला.

जमिनीनं श्वास आत घ्यावा तसं काहीतरी झालं. मग कूप गरजला. धावून येणारी गर्दी जागच्या जागी थिजली. दिसत काहीच नव्हतं. पण वीस पावलांवरच्या कडुलिंबाची पानं एका बाजूनं वळत, करपत, राखेसारखी झडत गेली. वरून जाणारा कावळा हवेतच पेटला आणि दगडासारखा खाली आला. लोखंडी जाळी लाल झाली, मग पिवळी, मग वाकून आत पडली. तिच्याबरोबर झाकणाचे तुकडे गेले. ते गेले तिथं क्षणापूर्वी भाऊ उभा होता.

हेमांगीनं मनगटाकडे पाहिलं. पंचाहत्तर, आणि तिथंच थांबलेलं. मग शहात्तर. नायट्रोजनची रेघ बोगद्यांतून सपाट वर येत होती आणि उरलेल्या हायड्रोजनला स्वतःच्या पुढं रेटत होती. हवेला आत यायला जागा उरली नव्हती.

ती भावाच्या शेजारी बसली. लोक पोचले तेव्हा तिनं हात वर केला नाही. पहिल्या लाथेत तिचे दात गेले. नंतरचं तिला आठवत नाही.

*

कूप दोन दिवस जळला. रात्री त्याची ज्वाला फिकट निळसर दिसायची आणि लोक लांब शेतांतून ती बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी तो आपोआप विझला, बाजारातली बोअरवेलही विझली. खाणीत नुसता नायट्रोजन उरला. एक भिंतसुद्धा पडली नाही.

आणि हेच हेमांगीच्या विरुद्ध गेलं. जे घडलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? बाजारात नऊ माणसं मेली ती सगळ्यांनी पाहिली होती. वासेकरचा एक डोळा गेला, तो पाहिला होता. बहिणीनं भावाचं डोकं फोडलं ते तर निम्म्या गावानं पाहिलं होतं. पण साडेचार हजार माणसं मेली नाहीत, ते कुणी पाहिलं?

खटल्यात सरकारी वकिलांनी दिल्लीहून तज्ज्ञ बोलावला. तो म्हणाला, "स्फोटाची शक्यता होती. आकडा तिथंच स्थिरावला असता असंही होऊ शकलं असतं."

"म्हणजे मारण्याची गरज नव्हती?"

"ते मी सांगू शकत नाही."

खासनीसांनी साक्षीत सांगितलं की वेग वाढवण्याला डॉक्टर हेमांगी नन्नावरे यांची संमती होती. हेमांगीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "होती." जबडा तारेनं बांधून जुळवल्यामुळे तिला फार बोलता येत नव्हतं आणि बोलायची इच्छाही नव्हती.

शेवटी धनराजला आणलं. त्याची डावी बाजू गेली होती. तो पाय ओढत, काठी टेकत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढला. तोंड एका बाजूनं वाकडं झालं होतं, पण शब्द कळत होते.

"तुम्हाला कुणी मारलं?"

"हिनं. माह्या बहिणीनं."

"का मारलं असेल असं तुम्हाला वाटतं?"

धनराजनं काठी कठड्याला टेकवून ठेवली. "मी भोकावर उभा होतो. हटत नव्हतो."

"त्यांनी बरोबर केलं असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मले थे समजत नाही, साहेब. बरोबर अन् चूक मले नाही समजत. गाव उभं हाय. बायको नाही. अर्धं आंग नाही. एवढंच मले समजते."

हेमांगीला शिक्षा झाली. खटला चालू असताना तुरुंगात काढलेला काळ त्यात धरला गेला आणि पुढच्या पावसाळ्यानंतर ती सुटली. प्रकल्प बंद झाला होता. खासनीसांच्या नव्या कंपनीचा निरोप आला होता, राजस्थानात साठवण करायची आहे, या वेळी अगदी सावकाश भरू, असा. तिनं उत्तर दिलं नव्हतं. मुंबईत एका मैत्रिणीकडे काही दिवस राहायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

तुरुंगाच्या फाटकाबाहेर एक टेम्पो उभा होता. त्यात पुढच्या सीटवर धनराज बसला होता. तो उतरला नाही. त्याला उतरायला वेळ लागायचा. हेमांगी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्याच्या कपाळापासून कानापर्यंत गेलेला व्रण तिनं पहिल्यांदाच जवळून पाहिला. तिला वाटलं, हात लावावा. लावला नाही.

"एक इचाराचं होतं," तो समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला. "थे खाली अजून हाय काय?"

तिला त्याच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.

"थोडं हाय. पानी परत आलं तवा वायूचे बारीक बुडबुडे मागं राह्यले. खडकाच्या छिद्रांत, एकेका दाण्याच्या मंधात. पान्यानं त्यायले चारही बाजूनं कोंडून टाकलं. थे तिथंच राहतीन."

"कायम?"

"पुस्तकात तसंच हाय. शेकडो वर्षं."

"पुस्तकाचं नाही इचारत. तुले काय वाटते?"

हेमांगीनं पाइपांचा, दाबांचा, भेगांचा, जुन्या भोकांचा विचार केला. नकाशावर नसलेल्या भोकांचा विचार केला.

"मले नाही मालूम, दादा," ती म्हणाली. "हलणार नाही असं वाटते. पन मले नाही मालूम."

धनराजनं मान हलवली. एवढंच त्याला ऐकायचं होतं की काय, कोण जाणे. उजव्या हातानं त्यानं मधल्या सीटवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिच्यासाठी जागा केली.

"मंग तू कुठं नाही जायाचं," तो म्हणाला. "आमी राहतो ना त्याच्यावर? तू बी राह्य."

ड्रायव्हर तिला वाट करून द्यायला खाली उतरला. हेमांगी वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराशी आली आणि भावाशेजारी चढून बसली.